नगरपालिकेचा एआय चुकला, तर दंड कोण भरणार?



फेब्रुवारी 2025 मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सॲपवर चॅटबॉटमार्फत देण्यासाठी मेटा कंपनीसोबत करार जाहीर केला. म्हणजे दाखले, परवाने, तक्रारी यांची कामं हळूहळू मोबाईलवरच्या गप्पांसारखी होणार. चांगलीच गोष्ट आहे. एका दाखल्यासाठी दुकान बंद ठेवून तीन चकरा मारायच्या म्हणजे काय, हे धंदा करणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पण एक प्रश्न आत्ताच विचारून ठेवा. सरकारी एआयने चुकीचं सांगितलं, तुम्ही त्यावर विश्वास ठेवला आणि नियम मोडला, तर निस्तरायचं कोणी? हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. एका मोठ्या शहरात तशी वेळ आली आहे, तीही छोट्या व्यावसायिकांसाठी बनवलेल्या बॉटमुळेच.

न्यूयॉर्कमध्ये काय झालं?

ऑक्टोबर 2023 मध्ये न्यूयॉर्क शहराने ‘मायसिटी’ नावाचा एआय चॅटबॉट सुरू केला. धंदा सुरू करणाऱ्यांना आणि चालवणाऱ्यांना शहराचे नियम सोप्या भाषेत सांगायचे, हे त्याचं काम. मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान, शहराच्या स्वतःच्या वेबसाईटवरची माहिती, सगळं कसं व्यवस्थित.

मार्च 2024 मध्ये ‘द मार्कअप’ या वृत्तसंस्थेच्या पत्रकारांनी त्याला साधे प्रश्न विचारून पाहिले. कामगारांना मिळालेल्या टिपमधला हिस्सा मालक घेऊ शकतो का? बॉट म्हणाला, हो. दुकानदार रोख पैसे नाकारू शकतो का? बॉट म्हणाला, हो. दोन्ही उत्तरं साफ चुकीची! टिपला हात लावणं तिथे बेकायदेशीर आहे, आणि रोख पैसे स्वीकारलेच पाहिजेत असा कायदा त्या शहरात 2020 पासून आहे.

बातमी आल्यावर लगेच बॉट बंद केला नाही. त्याची उत्तरं कायदेशीर सल्ला समजू नयेत, अशी सूचना ठळक केली. आता तुम्हीच सांगा, पाटी सरकारची, उत्तर सरकारच्या बॉटचं आणि जोखीम मात्र दुकानदाराची. याला जबाबदारीने वापर म्हणायचं का?

बॉट चुकतो का?

असा बॉट नियम ‘जाणत’ नाही. वाचलेल्या मजकुरावरून पुढचा योग्य वाटणारा शब्द जोडत जातो. त्यामुळे बरोबर आणि चूक उत्तर तो सारख्याच आत्मविश्वासाने देतो. कार्यालयातला माणूस निदान म्हणतो, “थांबा, साहेबांना विचारून सांगतो.” बॉट सहसा तसं म्हणत नाही.

दुसरं म्हणजे नियम बदलतात. आपला शॉप ॲक्टच घ्या. 2017 च्या कायद्यात 10 पेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणीची गरज नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा 20 कामगारांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली. ज्या बॉटच्या पोटात जुनी माहिती आहे, तो जुनंच उत्तर देत राहणार.

माहिती चुकणं वेगळं, निर्णय चुकणं वेगळं

इथपर्यंत फक्त माहितीचा मामला होता. जेव्हा मशीन निर्णयातच हात घालतं, तेव्हा प्रकरण गंभीर होतं. आपल्या शेजारच्या तेलंगणात ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली आहे. वेगवेगळ्या सरकारी नोंदी जोडून ती कुटुंबाची पात्रता तपासते. हैदराबादमधल्या एका गरीब महिलेला रेशन कार्ड नाकारलं गेलं, कारण तिच्या नवऱ्याच्या नावावर कार असल्याचं प्रणालीने दाखवलं. प्रत्यक्षात तो रिक्षा ओढायचा. कार होती दुसऱ्याच कोणाची, नाव फक्त मिळतंजुळतं.

2014 ते 2019 या काळात तेलंगणात 18 लाखांहून जास्त रेशन कार्डं रद्द झाली. अनेकांना साधी नोटीसही मिळाली नव्हती. शेवटी एप्रिल 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द झालेल्या कार्डांची प्रत्यक्ष जागेवर जाऊन फेरतपासणी करायला सांगितलं. वेळ वाचवायला आणलेलं यंत्र, आणि शेवटी माणसालाच दारोदार जावं लागलं!

मग जबाबदारीने वापरायचं म्हणजे नेमकं काय?

माझ्या मते सगळं एका गोष्टीवर येतं: प्रत्येक उत्तरामागे आणि निर्णयामागे एक जबाबदार माणूस असला पाहिजे. त्यातून चार साधे नियम निघतात.

1. बॉटने उत्तरासोबत मूळ नियम किंवा शासन निर्णय दाखवावा. उत्तर सापडलं नाही तर सरळ “माहीत नाही” म्हणावं आणि अधिकाऱ्याकडे पाठवावं.
2. अर्ज नाकारायचा निर्णय माणसानेच घ्यावा. मशीनने फार तर “हा अर्ज नीट तपासा” एवढंच सांगावं.
3. ज्याला नकार मिळाला, त्याला कारण आणि अपिलाचा रस्ता कळावा.
4. आधी एका विभागात, थोड्या दिवसांसाठी वापरून पाहावं. चुका मोजाव्यात, मगच गावभर लावावं.

यातला तिसरा नियम आपल्याकडे कायद्यातच आहे, बरं का. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नुसार अधिसूचित सेवेचा अर्ज फेटाळला तर अधिकाऱ्याने लेखी कारण द्यावं लागतं. त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील आणि पुढे सेवा हक्क आयोग आहे. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. “कॉम्प्युटरने रिजेक्ट केलं” हे लेखी कारण होत नाही!

आता तुमच्या कामाचं

*तुम्ही अर्जदार असाल तर:* बॉटचं उत्तर म्हणजे वाटेत विचारलेला पत्ता समजा. दिशा कळते, पण दारावरची पाटी आपणच वाचायची. परवाना, कर, कामगार या तीन बाबतींत मूळ नियम पाहिल्याशिवाय पैसे गुंतवू नका. स्क्रीनशॉट तारखेसकट जपून ठेवा आणि महत्त्वाचा प्रश्न कार्यालयाला लेखी विचारा.

*तुम्ही सेवा केंद्र चालवत असाल तर:* ग्राहकाचं आधार, सात-बारा, उत्पन्नाचा दाखला फुकटच्या एआय टूलमध्ये टाकून अर्ज तयार करू नका. ती माहिती तुमची नाही, ग्राहकाची आहे. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा 2023 मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. सुरक्षेत ढिलाई केली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. मसुदा बनवायला एआय जरूर घ्या, पण नाव, नंबर, पत्ता काढून. ते शेवटी हाताने भरा.

*तुम्हाला नगरपरिषदेला किंवा ग्रामपंचायतीला असा बॉट विकायचा असेल तर:* इथे खरी संधी आहे. मोठी कंपनी भपकेबाज डेमो दाखवेल. तुम्ही प्रस्तावात लिहा की माहिती दर महिन्याला कोण तपासणार, चूक कळल्यावर किती तासांत दुरुस्त होणार, नागरिकांचा डेटा कुठे राहणार आणि करार संपल्यावर त्याचं काय होणार. सुरुवात पाणीपट्टीची तारीख, कागदपत्रांची यादी, तक्रारीची स्थिती अशा साध्या कामांपासून करा. आणि प्रत्येक स्क्रीनवर एक बटण ठेवा: “माणसाशी बोला”. ते बटण दाबल्यावर पलीकडे खरोखर माणूस असेल, याची सोयही करा.

गावात लोक सेवेवर विश्वास ठेवतात तो माणसाच्या भरवशावर. बॉट चुकला तर नगराध्यक्षाला जाब विचारतीलच, पण बॉट बनवणारा गावातलाच असेल तर तुमच्याही दुकानासमोर येऊन उभे राहतील. म्हणून विकण्याआधी स्वतःच त्याला 50 अवघड प्रश्न विचारा, प्रत्येक उत्तर मूळ नियमाशी ताडून बघा आणि चुकांची यादी साहेबांसमोर ठेवा. चुका लपवणाऱ्यापेक्षा चुका मोजून दाखवणाऱ्याला पुढचं काम मिळण्याची शक्यता जास्त असते.

चला, कामाला लागा!