मीडियम वेव्हचा आवाज, घरच्या रेकॉर्डिंगमध्ये

ज्यांनी आकाशवाणी जळगाव ९६३ किलोहर्ट्झवर ऐकलंय, त्यांच्या कानात तो दबका, जवळचा आवाज पक्का बसलाय. अहिराणी गाण्याच्या सुरुवातीला तो हवा असेल, तर ऑडॅसिटीसारखं फुकट सॉफ्टवेअर पुरतं.

मीडियम वेव्हवर आपल्याकडे शेजारच्या दोन चॅनेलमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे आवाजाच्या वाट्याला जेमतेम ४.५ येतात. म्हणून लो-पास फिल्टर ४५०० हर्ट्झला लावा. ट्रान्झिस्टरच्या छोट्या स्पीकरला खर्ज पेलवत नाही. हाय-पास ३०० च्या आसपास. ट्रॅक मोनो करा. किंचित डिस्टॉर्शन द्या, पण फिल्टरच्या आधी, कारण त्यातून वरच्या फ्रिक्वेन्सी नव्याने तयार होतात.

खरी गंमत खरखरीत आहे! बरेच जण ती शेवटी वरून टाकतात आणि मग ती गाण्यापासून सुटी वाटते. रेडिओत वीज चमकल्याची कडकड गाण्यासोबत त्याच स्पीकरमधून येते. तेव्हा आधी खरखर गाण्यात मिसळा, मग डिस्टॉर्शन, मग फिल्टर.

पूर्ण गाण्यावर हा इफेक्ट लावू नका, कान थकतात. धृपदाची पहिली ओळ तशी जाऊ द्या आणि संबळ सुरू होताच सगळे फिल्टर काढून टाका.