कार्यक्रमानंतरचं पुस्तक

सार्वजनिक वाचनालयाच्या दारातला फळा वाचायची सवय अनेकांना असते. महिन्याचे कार्यक्रम त्यावर खडूनं लिहिलेले असतात: पहिल्या रविवारी मुलांसाठी कथाकथन, तिसऱ्या शनिवारी व्याख्यान, महिनाअखेरीस वाचक मेळावा. शेजारच्या काचफलकात नव्या पुस्तकांची वेष्टनं टाचणीनं लावलेली दिसतात. एका भिंतीवरच्या या दोन गोष्टींची एकमेकींशी गाठ मात्र क्वचितच घालून दिली जाते. ती घातली तर वाचनालयाचं रूप पालटतं, हेच मला या लेखात सांगायचं आहे. व्याख्यान किती रंगलं हे टाळ्यांवरून कळतं. वाचनालयाच्या पदरात त्यातून काय पडलं, हे कळायला दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलापाशी उभं राहावं लागतं.

ऐकण्याची आणि वाचण्याची जुनी सोबत

महाराष्ट्रातली वाचनालयं वयानं मोठी आहेत. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ सालचं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. पुण्यात लोकहितवादींच्या पुढाकारानं १८४८मध्ये नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली. तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५०चं. पुढे मराठी ग्रंथांचा संग्रह हेच ध्येय ठेवून ठाण्यात १८९३ साली आणि मुंबईत १८९८ साली मराठी ग्रंथसंग्रहालयं उभी राहिली. याच काळात न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. गावोगावी व्याख्यानमालांची प्रथा रुजली आणि वाचनालयाचं सभागृह ही अनेक गावांत त्यांची हक्काची जागा झाली.

वाचनालयानं पुस्तकं राखावीत की माणसं बोलवावीत, या प्रश्नाचं सर्वांत ठोस उत्तर बडोद्यात मिळालं. सयाजीराव गायकवाडांनी १९०६मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुढे काही वाचायला आलं नाही, तर तो शिकलेलं विसरून जाईल, हे त्यांनी ओळखलं. १९१०मध्ये त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्यात आणलं आणि ग्रंथालयांचं स्वतंत्र खातंच उभं केलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून खेड्यांत पाठवली जात. एका गावात ती वाचून झाली की पेटी बदलली जाई. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी स्वतंत्र दालन होतं. खात्याची माणसं मॅजिक लँटर्न आणि सिनेमाची यंत्रं घेऊन गावांत खेळ करीत. ज्या खात्यानं पडद्यावर चित्रं दाखवली, त्याच खात्यानं गावात पुस्तकांची पेटी पोहोचवली. कार्यक्रम आणि पुस्तक एकाच हातानं देण्याची ही पद्धत शंभर वर्षांपूर्वीची आहे आणि आजही तिच्याकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे.

त्या पेटीचा वारसा आजही दिसतो. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी चालवलेला ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम पुस्तकांच्या पेट्याच घेऊन निघाला. वाचकांचे गट, प्रत्येक गटाकडे एक पेटी आणि ठरावीक काळानं पेट्यांची अदलाबदल. या पेट्या तुरुंगातल्या बंदिवानांपर्यंत गेल्या आणि दुबईतल्या मराठी घरांपर्यंतही.

दिनविशेष आणि त्यापुढचं

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ सालचा. त्यानुसार शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग पडतात आणि वर्गानुसार अनुदान मिळतं. राज्यात अशी अकरा हजारांहून अधिक ग्रंथालयं आहेत. बहुतेकांची वर्षाची दिनदर्शिका सारखीच असते. जानेवारीत मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलला जागतिक पुस्तक दिन, १२ ऑगस्टला डॉ. रंगनाथन यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन, १५ ऑक्टोबरला डॉ. अब्दुल कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन आणि १४ ते २० नोव्हेंबर राष्ट्रीय ग्रंथालय सप्ताह.

हे दिवस साजरे व्हायलाच हवेत. पण प्रतिमापूजन, दोन भाषणं आणि चहा एवढ्यावर दिवस आटोपला, तर कपाटातलं पुस्तक कपाटातच राहतं. ऑगस्ट महिना घेऊन पाहा. १ ऑगस्ट ही अण्णा भाऊ साठे यांची जयंती. सभागृहाच्या दाराशी एक लांब टेबल मांडायचं. त्यावर ‘फकिरा’ ठेवायची, सोबत ‘माझा रशियाचा प्रवास’. शेजारी दया पवारांचं ‘बलुतं’, लक्ष्मण मान्यांचं ‘उपरा’, लक्ष्मण गायकवाडांचं ‘उचल्या’. टेबलामागे देवघेवीची नोंदवही घेऊन ग्रंथपालांनीच बसायचं. वक्त्यानं ज्या पुस्तकाचं नाव घेतलं ते श्रोत्याला बाहेर पडता पडता हातात मिळालं पाहिजे. व्याख्यान ऐकून आलेली ओढ घरी पोहोचेपर्यंत टिकते. सोमवारपर्यंत टिकेलच असं नाही. याच महिन्यात २४ तारखेला बहिणाबाई चौधरींची जयंती येते. त्या दिवशी मुलांकडून त्यांच्या कविता म्हणवून घ्याव्यात आणि आलेल्या पालकांपुढे तो कवितासंग्रह ठेवावा. दोन कार्यक्रम, दोन टेबलं. फार खर्च नाही, आधी आठवडाभर कपाटं धुंडाळण्याची तयारी मात्र हवी.

शिफारस कशी करावी

वाचनालयातलं पुस्तक उघडून शेवटच्या पानावर डकवलेली तारखांची चिठ्ठी पाहावी. जांभळ्या शिक्क्यांच्या ओळीच्या ओळी. एखाद्या कादंबरीवर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली, कोपरे दुमडलेले. तिच्याच शेजारच्या पुस्तकावर दोनच शिक्के, आणि त्यातला शेवटचा पुसट झालेला. हे दुसरं पुस्तक वाईट असतं असं नाही. बऱ्याचदा ते कुणी कुणाला सुचवलेलंच नसतं. डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच सिद्धांत मांडले, त्यांतले दोन याच संदर्भातले आहेत: प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. पहिलं काम तालिका आणि कपाटांची मांडणी बरंचसं करते. दुसऱ्यासाठी माणूस लागतो.

चांगला ग्रंथपाल शिफारस करताना ‘हे थोर पुस्तक आहे’ असं म्हणत नाही. तो आधी विचारतो, ‘मागचं कुठलं आवडलं?’ समजा, उत्तर आलं ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांचा कर्ण ज्याला भावला, त्याला इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ द्यावं. तिथे हीच माणसं भावनेपेक्षा तर्काच्या प्रकाशात दिसतात, काही ठिकाणी कठोरपणे. वाचक परत येऊन वाद घालू लागला, की पुढे दुर्गा भागवतांचं ‘व्यासपर्व’ आहे, आणि त्याही पुढे भैरप्पांचं ‘पर्व’, उमा कुलकर्णी यांच्या मराठी अनुवादात. रणजित देसाईंची ‘स्वामी’ आवडलेल्या वाचकाला नंदा खरे यांची ‘अंताजीची बखर’ सुचवता येते; पेशवाईकडे पाहायची वेगळी नजर तिच्यात आहे. तिथून गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’पर्यंत जावं. १८५७च्या धामधुमीत सापडलेल्या वरसईच्या भटजींनी स्वतः पाहिलेलं त्यात सांगितलं आहे. ज्यांना माणसांच्या गोष्टी हव्यात, त्यांच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची ‘माणदेशी माणसं’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आहेतच.

मुलांच्या बाबतीत हे अधिक जपून करावं लागतं. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे वाचून झालेल्या मुलाला लगेच मोठ्यांच्या कपाटाकडे ढकलू नये. प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’मधला लंपन त्याला याच वयात भेटला पाहिजे. ‘लिटल वुमेन’चा शांता शेळके यांनी केलेला ‘चौघीजणी’ हा अनुवाद, वीणा गवाणकर यांचं ‘एक होता कार्व्हर’, हीही त्याच वाटेवरची पुस्तकं. आणि शिफारस मुलांकडूनच आली तर तिचं वजन वाढतं. कथाकथनानंतर प्रत्येक मुलाला कोरं कार्ड द्यावं, आवडलेल्या पुस्तकाबद्दल चार ओळी लिहून घ्याव्यात आणि ते कार्ड पुस्तकाच्या जागी कपाटाच्या कडेला लावावं. मैत्रिणीनं काय लिहिलंय ते पाहायला दुसरी मुलगी थांबतेच.

मोठ्यांसाठी ‘परत आलेली पुस्तकं’ या टेबलाचा असाच उपयोग होतो. ज्या वाचनालयात मुक्तद्वार पद्धत आहे, तिथेही बरेच सभासद कपाटांकडे वळण्याआधी या टेबलाशी घुटमळतात. दुसऱ्या कुणीतरी नुकतंच वाचलेलं पुस्तक विश्वासाचं वाटतं. मासिक वाचक मेळाव्यात पाच सभासदांनी प्रत्येकी पाच मिनिटं एका पुस्तकावर बोलावं आणि ती पाच पुस्तकं महिनाभर याच टेबलावर ठेवावीत, एवढं केलं तरी चिठ्ठीवरचे शिक्के वाढतात.

दिवाळी अंकांपासून सुरुवात

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला आणि मराठीत एक परंपरा सुरू झाली. तिच्याच आधारानं अनेक वाचनालयं दिवाळी अंक योजना चालवतात: वेगळी वर्गणी भरायची आणि पुढचे काही महिने एकेक अंक घरी न्यायचा. वर्षभर फिरकत नसलेले सभासदही या निमित्तानं आत येतात. म्हणून या काळात अंकासोबत एक पुस्तक सुचवावं. ज्या लेखकाची कथा अंकात आहे, त्याचा संग्रह कपाटातून काढून ठेवावा. योजना संपत आली की वाचकांची सभा घ्यावी आणि वर्षातला कुठला लेख, कुठली कथा मनात राहिली ते त्यांच्याकडून ऐकावं. पुढच्या ग्रंथखरेदीची यादी या सभेतून अर्धी तयार होते.

वाचनालय चालवणाऱ्यांच्या अडचणी मला ठाऊक आहेत. ग्रंथपालांना मिळणारं वेतन त्यांच्या कामाच्या मानानं तुटपुंजं आहे, आणि त्यांना यादी करायला, सभासदाशी दोन शब्द बोलायला उसंत देणं ही कार्यकारी मंडळाची जबाबदारी आहे. सभासदांचीही एक जबाबदारी आहे. पुस्तक परत करताना ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं, कारण असं’ एवढं तरी सांगावं. त्याशिवाय पुढचं पुस्तक सुचवायचं कशाच्या आधारावर? कार्यवाहांनी येत्या सभेत एक साधा ठराव मांडावा: ज्या कार्यक्रमासोबत पुस्तकांची यादी नाही, तो कार्यक्रम फळ्यावर लिहायचा नाही, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या अहवालात उपस्थितीच्या आकड्याशेजारी त्या आठवड्यात गेलेल्या पुस्तकांचा आकडाही लिहायचा. वर्षभर हा नियम पाळला, तर पुढच्या दिवाळीत आपल्या गावानं काय वाचलं हे सांगायला त्या वाचनालयाकडे स्वतःचा हिशेब असेल.