टाकीत उतरण्याआधी



गोबर गॅसची टाकी साफ करायला एक जण आत उतरतो. थोड्याच वेळात त्याचा आवाज येईनासा होतो. वरून हाका मारणारा भाऊ घाबरून त्याच्यामागे उतरतो, आणि तोही वर येत नाही. अशा बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. दुसरा बळी जातो तो मायेपोटी.

शेण कुजताना निघणाऱ्या वायूत निम्म्याहून अधिक मिथेन असतो. तोच आपण शेगडीत जाळतो. उरलेला बहुतेक कार्बन डाय-ऑक्साइड, आणि अगदी थोडा हायड्रोजन सल्फाइड. हा थोडाच फार घातकी! साचलेला शेणकाला ढवळला की तो एकदम सुटतो आणि हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचू शकतो. आधी कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे १०० भाग झाले की नाकाला वास कळेनासा होतो. माणसाला वाटते, वास गेला, म्हणजे धोका गेला.

जुनी माणसे विहिरीत कंदील सोडून पाहत. प्राणवायू फार कमी असेल तर ज्योत विझते, हे खरे. पण हायड्रोजन सल्फाइड जीव घेण्याइतका असला तरी ज्योत जळतच राहते. आणि मिथेन साचलेल्या टाकीपाशी ज्योत नेली तर भडकाच उडायचा.

मग नाकाचे काम कोणी करावे? भांड्यांना कल्हई करतात ते कथिल तुम्हाला ठाऊक आहे. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात याच कथिलाच्या ऑक्साइडपासून वायू ओळखणारा संवेदक बनवला. घरातल्या गॅसची गळती कळवणाऱ्या यंत्रांत तो वापरला गेला.

त्याची रीत अशी. ऑक्साइडचा थर विजेने तापवतात. हवेतला प्राणवायू त्याच्या कणांना चिकटतो आणि पाटात दगड टाकावेत तशी विजेची वाट अडवतो. मिथेन किंवा हायड्रोजन सल्फाइड आला की तो हा प्राणवायू काढून नेतो. वाट मोकळी होते, वीज जास्त वाहते आणि गजर वाजतो.

आता हे कण नॅनोमीटरच्या मापाचे करतात. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. गुळाच्या खड्यापेक्षा चुरा पाण्यात लवकर विरघळतो ना? तसेच कण बारीक झाले की वायूला लागणारा पृष्ठभाग वाढतो, आणि थोडा वायूही कळतो. त्यात तांब्याचे ऑक्साइड मिसळले तर हायड्रोजन सल्फाइड अधिक चांगला ओळखता येतो.

पण या यंत्रावर आंधळा भरवसा नको. दमट हवेत ते चुकू शकते, एका वायूला दुसरा समजू शकते. प्राणवायू कमी आहे का, हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी वेगळा संवेदक लागतो. म्हणून जाणकार लोक अनेक वायू मोजणारे यंत्र दोरीने आधी खाली सोडतात, आणि वेळोवेळी ते तपासून घेतात.

असे यंत्र आणि शिकलेला माणूस जवळ नसेल, तर टाकीत उतरूच नका. शेणकाला वरूनच उपसा. आणि कोणी आत पडलाच, तर मागून उडी घेऊ नका. ११२ ला फोन लावा, आरडाओरड करून माणसे जमवा, वरून आत मोकळी हवा सोडता येईल तेवढी सोडा. त्या घटकेला काठावर थांबणे फार जड जाईल, पण घरात दोन तिरड्या बांधण्याची वेळ टळेल.

आज रात्री जेवताना एवढे घरातल्या पोरांना जरूर सांगा.