मुदत नसलेली प्रतीक्षा

कालिदासाच्या 'मेघदूता'तील यक्षपत्नी उंबरठ्यावरची फुले जमिनीवर मांडून विरहाचे उरलेले महिने मोजते. तिचे दुःख मोठे आहे. परंतु त्याला मुदत आहे. शाप एका वर्षाचा असून विष्णू शेषशय्येवरून उठताच, म्हणजे कार्तिकी एकादशीला, तो संपणार आहे. मोजता येणारी प्रतीक्षा माणूस कशीबशी पेलतो. जिला मुदतच नाही, ती त्याला आतून पोखरते.

१९६५ व १९७१ च्या युद्धांत बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांच्या पत्नींच्या वाट्याला ही दुसरी प्रतीक्षा आली. पाकिस्तानच्या ताब्यात असावेत अशा ५४ जणांचा प्रश्न भारताने वारंवार मांडला. पाकिस्तानने ते आपल्याकडे नसल्याचेच सांगितले. २००७ मध्ये १४ नातेवाइकांनी तेथील तुरुंगांना भेटी दिल्या; पण त्यांना रिकाम्या हातांनी परतावे लागले.

व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या कुटुंबांचा अभ्यास करणाऱ्या पॉलीन बॉस यांनी १९७० च्या दशकात या अवस्थेला नाव दिले. मराठीत तिला 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल. मृत्यूनंतर शोकाला वाट मिळते. अंत्यविधी होतात, दहावे-तेरावे होते, माणसे भेटायला येतात. बेपत्ता माणसासाठी असा कोणताच विधी नसतो. कुंकू ठेवावे की पुसावे, त्याचे कपडे आवरावेत की नाही, असा प्रत्येक निर्णय अडून राहतो. आशा धरावी तर आयुष्य थांबते. सोडावी तर विश्वासघात केल्यासारखे वाटते. चिंता, निद्रानाश, खिन्नता यांचे मूळ येथे असते. तो मनाचा दुबळेपणा नव्हे. परिस्थितीच संदिग्ध असते.

सात वर्षे ठावठिकाणा न लागल्यास कायदा मृत्यू गृहीत धरतो. हिंदू विवाह कायद्यानुसार (१९५५) त्या कारणावरून घटस्फोटही मागता येतो. मनाला मात्र अशी मुदत घालता येत नाही.

म्हणूनच 'आता विसरा' हा सल्ला निरुपयोगी ठरतो. 'तो कदाचित येईल, कदाचित येणार नाही' या दोन्ही शक्यता एकत्र जवळ बाळगून जगायला शिकणे, हा बॉस यांनी सुचवलेला मार्ग आहे. नोकरी धरावी, मुलांची शिक्षणे पुरी करावीत, सणवार करावेत. त्यासाठी वाट पाहणे सोडावे लागत नाही. आयुष्य तेवढे उंबरठ्यावर ताटकळत ठेवू नये.