मापाचा दागिना
खड्यांचा दागिना घडवून घेताना काय पाहावं, काय विचारावं आणि आपल्याच मातीतला दगड का विसरू नये

वसमतच्या बाजारात हळद विकली जाते, हाती पैसा येतो आणि लग्नसराई तोंडावर असते. हिंगोली जिल्ह्यातल्या सोनारांकडे या दिवसांत गर्दी वाढते. बहुतेक गिऱ्हाईक काचेआड मांडलेल्या तयार मालातूनच निवड करतं. तरी कुणी आजीच्या मोडलेल्या कुड्यांतले मोती रुमालात बांधून आणतं, कुणी ज्योतिषानं सांगितलेला पुष्कराज अंगठीत बसवून मागतं, तर कुणी मैत्रिणीच्या लेकीसाठी चार मणी गाठवून घेतं. एका माणसासाठी, त्याच्याच मापानं हातानं घडवलेला दागिना ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती टिकायला हवी. त्यासाठी कारागिराइतकंच गिऱ्हाईकही जाणतं असावं लागतं.

काळ्या दगडातला रंग

खडा म्हटलं की माणिक, पाचू, नीलम डोळ्यांसमोर येतात. ते आपल्याकडे बाहेरून येतात. मराठवाड्याच्या मातीतला दगड म्हणजे अकीक. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे पसरलेला लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले. पुढे सिलिका विरघळलेलं पाणी त्या पोकळ्यांत झिरपलं, थरावर थर चढले आणि अकीक तयार झाला. भोवतीचा काळा बेसाल्ट खडक झिजून माती होतो, अकीक मात्र गोट्यांच्या रूपानं मागे उरतो. गोदावरीच्या खोऱ्यात वाळू-गोट्यांच्या जुन्या थरांत तो सापडतो. वरून मळक्या बटाट्यासारखा दिसणारा हा गोटा कापला की आत राखी, दुधी, तपकिरी पट्टे निघतात.

या दगडाची किंमत दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्यापाऱ्यांना ठाऊक होती. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठणचा उल्लेख आहे. तिथून या जातीचा दगड गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराकडे जात असे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ साली उत्खनन झालं. तिथे आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहनकाळातले मणी मिळाले. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात जुने मणी पाहायला मिळतात. अकीक म्हणजे काहीतरी परक्या मुलखातलं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा तेरला जाऊन यावं.

दगडाचा मणी होताना

आज अकीकाचं मोठं काम गुजरातेत खंभातला चालतं. तिथली रीत पाहिली की हातकामाची किंमत कळते. आधी दगड उन्हात वाळवतात, मग मातीच्या मडक्यांत घालून मंद आचेवर भाजतात. दगडात लोहाचा अंश असेल तर त्या उष्णतेनं तो तांबूस होतो. त्यानंतर ठोकून त्याला ढोबळ आकार देतात, घासतात आणि वेज पाडतात. वेज पाडायच्या सळईच्या टोकाला हिऱ्याच्या कणी बसवलेल्या असतात. भोक एका बाजूनं आरपार नेत नाहीत. निम्मं झालं की मणी उलटून दुसऱ्या बाजूनं सुरुवात करतात. एकाच बाजूनं रेटलं तर सळई बाहेर पडताना मण्याच्या कडेचा टवका उडतो.

अंगठीचा खडा करायचा तर दगडाची चकती कापून ती लाखेनं काडीच्या टोकाला चिकटवतात आणि चाकावर फिरवत घुमटाकार करतात. पट्टा बरोबर मध्यावर आणायचा की एका कडेला, हे तिथे ठरतं. त्यामुळे एकाच गोट्यातून निघालेले दोन खडेही सारखे दिसत नाहीत.

या कामाची दुसरी बाजूही गिऱ्हाइकानं जाणून घ्यावी. दगड कोरडा घासला की सिलिकाची बारीक धूळ उडते आणि ती छातीत बसून सिलिकोसिस होतो. खंभातच्या कारागिरांना या रोगानं फार छळलं आहे, आणि एकदा झालेला रोग बरा होत नाही. पाण्याची धार सोडून घासलं, धूळ ओढून घेणारं यंत्र लावलं, तोंडावर योग्य मास्क बांधला तर धोका बराच कमी होतो. म्हणून हौसेनं घरी खडे घासणाऱ्यांनी कोरडं काम कधीच करू नये. खडे विकत घेतानाही ते कुठे आणि कसे घासले, हे विचारावं. स्वस्त मण्याची किंमत कुणाच्या तरी श्वासातून वसूल होत असेल, तर तो दागिना शोभत नाही.

माप स्वतः घ्यावं

पंढरपूरच्या नरहरी सोनारांची कथा मराठी माणसाला माहीत असते. ते कट्टर शिवभक्त, विठ्ठलाचं तोंडही न पाहणारे. एका सावकाराचा नवस फेडायला विठ्ठलासाठी करगोटा घडवायचा होता. माप सावकारानंच आणून दिलं. करगोटा कधी सैल व्हायचा, कधी तोकडा पडायचा. शेवटी नरहरी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः माप घ्यायला गेले. हातांना शंकराच्या खुणा लागल्या आणि पट्टी काढली तर समोर विठ्ठल! हरिहर एक आहेत, हा त्या कथेचा बोध. हिंगोली जिल्ह्याला तो जवळचा वाटावा असा आहे, कारण परंपरेनं नामदेवांचं जन्मगाव मानलेलं नर्सी इथलंच आणि विसोबा खेचरांनी नामदेवांना शिकवण दिली ती औंढ्याच्या नागनाथापाशी.

कारागिरासाठी या कथेत आणखी एक धडा आहे: माप दुसऱ्याच्या हातून घेऊ नये. बोट सकाळच्या गारठ्यात आकसतं, उन्हातान्हात सुजतं. म्हणून अंगठीचं माप दिवस कलल्यावर, बोट नेहमीच्या स्थितीत असताना घ्यावं. अंगठी पेरावरून सरकायला हवी आणि मुळाशी फिरता कामा नये. गळ्यातल्याचं माप सुतळीनं गळ्याभोवतीच घ्यावं. ठुशी गळ्यालगत बसते, मोहनमाळ खाली रुळते. दोन बोटांच्या फरकानंही घाट बिघडतो.

कोणता खडा कुठे

मापाइतकाच वापरही महत्त्वाचा. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोहस मापावर हिरा १०, माणिक, नीलम आणि पुष्कराज ९, पाचू साडेसात ते आठ, अकीक साडेसहा ते सात. पोवळं जेमतेम साडेतीन आणि मोती त्याच्याच आसपास. आपल्या रोजच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७. त्याहून मऊ खडा नुसती धूळ पुसली तरी हळूहळू निस्तेज होतो.

त्यामुळे मोती-पोवळं कानात, नाकात, गळ्यात बरं. कापूस वेचणाऱ्या, भांडी घासणाऱ्या हातात नको. लिंबू, अत्तर, घाम यांनी मोत्याचं पाणी उतरतं. पाचू कठीण असला तरी आतल्या चिरांमुळे ठिसूळ असतो, शिवाय त्या चिरा झाकायला त्यात बहुधा तेल भरलेलं असतं. त्याला गरम पाणी आणि यंत्रातली सफाई दोन्ही टाळावी. मोत्यांची माळ गाठवताना दोन मोत्यांमध्ये गाठ घ्यायला सांगावं. मग धागा तुटला तरी मोती घरंगळत नाहीत.

कोंदण आणि पावती

कोंदणकामात खड्याखाली लाख भरतात आणि खडा व कड यांच्या फटीत शुद्ध सोन्याचा पातळ वर्ख दाबत नेतात. आच न देता, नुसत्या दाबानं सोनं सोन्याला धरतं. अशा बंद घरातला खडा मागून दिसत नाही. राशीची अंगठी मात्र खडा कातडीला लागावा म्हणून खालून उघडी ठेवतात. त्यात खड्याची खालची बाजूही तपासता येते, हा तिचा व्यावहारिक फायदा.

हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो, खड्याबद्दल काहीच सांगत नाही. म्हणून पावतीवर निव्वळ सोन्याचं वजन, खड्याचं वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी. एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. रत्तीत सांगितलेलं वजन कॅरटमध्येही मागावं. महागडा खडा असेल तर प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र घ्यावं, आणि घरचे जुने खडे देण्याआधी मोजून, फोटो काढून ठेवावेत.

महाग खडाच हवा असंही नाही. जिल्ह्यातल्या बंजारा तांड्यांवर जुन्या बाया लेकीसाठी कवड्या, मणी, आरसे स्वतः टाचून कांचळी सजवत आल्या आहेत. कानांजवळ केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगरी-टोपलीसोबत ते सगळं शोभून दिसतं. बाजारभावानं त्या कवडीची किंमत किती? पण ती कुणासाठी टाचली, हे टाचणारीला पक्कं ठाऊक असतं.

यंदा घरात लग्न असेल तर एखादा तरी दागिना घडवून घ्या. चांदीत अकीक बसवला तर तो साध्या घरालाही परवडेल. सोनाराला माप घेऊ द्या, घाई करू नका आणि घडणावळीत फार घासाघीस करू नका. तयार माल विकून दुकान चालेल. हातातलं कसब मात्र कुणीतरी काम सांगितलं तरच पुढच्या पिढीकडे जाईल.