काशीची सहल, चिमुकल्याच्या चालीने

पूर्वी काशीयात्रेला निघणारी माणसे घरची निरवानिरव करून, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा निरोप घेऊनच उंबरठा ओलांडत. गेलेला माणूस परत येईलच, याची खात्री नसे. आज मुंबईहून विमानाने सव्वादोन तासांच्या आसपास वाराणसी गाठता येते. त्यामुळे शुक्रवारी निघून रविवारी रात्री घरी परतण्याचे बेत आता मराठी घरांतूनही आखले जाऊ लागले आहेत. आजीची कित्येक वर्षांची इच्छा पूर्ण होते, आईवडिलांना दोन दिवसांचा बदल मिळतो आणि घरातल्या चार-पाच वर्षांच्या मुलालाही बरोबर नेता येते.

अडचण नेमकी इथेच सुरू होते. सहलीची यादी मोठ्यांच्या मनाप्रमाणे तयार होते. विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव, संकटमोचन, गंगाआरती, सारनाथ, शिवाय बनारसी साड्या. या यादीत मूल कुठेच नसते. ते फक्त एका देवळातून दुसऱ्या देवळात उचलून नेले जाते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते रडवेले होते, तिसऱ्या दिवशी तापाने फणफणते आणि सगळा प्रवास औषधाच्या दुकानाभोवती फिरत राहतो. थोडा आधी विचार केला तर हे सहज टाळता येते.

आधी हंगाम, मग तिकीट

लहान मुलाला घेऊन जायचे तर ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हा काळ उत्तम. मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. जुलै ते सप्टेंबर गंगेला पूर येतो, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि नावा बंद ठेवाव्या लागतात. डिसेंबर अखेरीस व जानेवारीत दाट धुके पडते. त्या दिवसांत विमाने व गाड्या तासन्तास उशिरा धावतात. दोन दिवसांच्या सहलीत अर्धा दिवस विमानतळावरच गेला, तर हाती काय उरणार?

देवदिवाळी म्हणजे कार्तिकी पौर्णिमा, महाशिवरात्र आणि श्रावणातले सोमवार या दिवशी काशीत अलोट गर्दी होते. देवदिवाळीला घाटांवर लागणाऱ्या दिव्यांचे दृश्य सुरेख असते, पण चार वर्षांच्या मुलाला त्या गर्दीत फक्त लोकांचे गुडघे दिसतात. ही तारीख मूल मोठे होईपर्यंत पुढे ढकललेली बरी.

मुंबईहून रेल्वेने एक पूर्ण दिवस-रात्र लागते. त्यामुळे रेल्वेने जायचे तर किमान पाच दिवसांची सुट्टी हवी. दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना मात्र रात्रीची गाडी सोयीची पडते. शिवाय २०१९पासून सुरू झालेली वंदे भारत सुमारे आठ तासांत पोहोचवते. तिकीट काढताना स्थानकाचे नाव नीट पाहावे. शहरातले मुख्य स्थानक वाराणसी जंक्शन. त्याला सगळे ‘कैंट’ म्हणतात. पूर्वीच्या मंडुआडीह स्थानकाचे नाव २०२१मध्ये ‘बनारस’ झाले. काही गाड्या नदीपलीकडच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शनवरच, म्हणजे जुन्या मुगलसरायला थांबतात. तेथून झोपेतल्या मुलाला आणि सामानाला घेऊन शहरात यायला बराच वेळ मोडतो.

मुक्काम कुठे करावा

घाटावरच्या जुन्या हवेलीतली खोली छायाचित्रात फार मोहक दिसते. पण तिथपर्यंत वाहन जात नाही. सामान घेऊन अरुंद गल्ल्यांतून चालावे लागते आणि वर उंच पायऱ्या चढाव्या लागतात. आजीचे गुडघे आणि मुलाची बाबागाडी, दोन्हींची तिथे परीक्षाच. खरे तर काशीत बाबागाडी नेऊच नये. अंगाशी बांधायची झोळी किंवा पाठीवरची पिशवी जास्त उपयोगी पडते.

कॅन्टोन्मेंट भागातील हॉटेले मोकळी असतात, पण नदी लांब पडते. मधला मार्ग म्हणजे दक्षिणेकडचा अस्सी घाट आणि त्यामागचा परिसर. इथे रस्ता घाटाच्या जवळ येतो, घाट मोकळा आहे आणि बनारस हिंदू विश्वविद्यालय, दुर्गाकुंड, तुलसी मानस मंदिर हे सारे जवळ आहे. जवळच भदैनी भागात झाशीच्या राणीचे जन्मस्थान आहे. मोरोपंत तांबे यांची मनू याच गावात जन्मली, हे तिथल्या स्मारकाजवळ उभे राहून सांगितले, तर मुलाला गोष्ट आणि जागा दोन्ही लक्षात राहतात.

एका दिवसात दोनच गोष्टी

लहान मूल बरोबर असताना एक साधा नियम पाळावा. सकाळी एक आणि संध्याकाळी एक, एवढ्याच गोष्टी ठरवाव्यात. दुपार झोपेसाठी राखून ठेवावी.

शुक्रवारी दुपारी पोहोचल्यावर आधी जेवण आणि विश्रांती. विमानतळ बाबतपूरला, शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे आणि वाटेत वाहनांची गर्दी असते, हे गृहीत धरावे. संध्याकाळी अस्सी घाटावरची आरती पाहावी. दशाश्वमेधची आरती अधिक भव्य असते, पण जागा मिळवण्यासाठी तासभर आधी जाऊन बसावे लागते. मग पाऊण तास आरती आणि त्यानंतर गर्दीतून बाहेर पडण्याची कसरत. इतका वेळ कोणते मूल एका जागी बसेल? अस्सीवर कंटाळले तर दहा मिनिटांत खोलीवर परतता येते.

शनिवारी पहाटे नाव. काशीतील गंगा उत्तरेकडे वाहते आणि घाट पूर्वाभिमुख आहेत. त्यामुळे पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावरून उगवणारा सूर्य थेट समोर दिसतो. अस्सीहून प्रवाहाबरोबर निघाले की एकामागून एक घाट मागे पडतात. दशाश्वमेधच्या अलीकडेच अहिल्याबाई घाट आहे. इंदूरच्या अहिल्याबाई होळकरांनी १७८०मध्ये सध्याचे विश्वनाथ मंदिर बांधले, हे आजीने नातवाला इथेच सांगावे. रायगडावर १६७४मध्ये शिवाजी महाराजांना राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच काशीचे. मराठी मुलाला हे गाव मग परके वाटत नाही.

दुपारी झोप झाल्यावर सुमारे १० किलोमीटरवरचे सारनाथ. मुलांसाठी संपूर्ण सहलीतली ही सर्वांत चांगली जागा म्हणावी लागेल. धामेक स्तूपाभोवती विस्तीर्ण हिरवळ आहे, मुलांना मनसोक्त पळता येते. शेजारच्या मृगवनात हरणे आहेत. जाण्यापूर्वी मुलाच्या हातात रुपयाचे नाणे द्यावे आणि ‘यावरचे सिंह शोधून दाखव’ असे सांगावे. १९१०मध्ये सुरू झालेल्या तिथल्या संग्रहालयात अशोकस्तंभाचे तेच सिंहशीर्ष ठेवले आहे. नाण्यावर तीनच सिंह का दिसतात आणि चौथा कुठे आहे, हे मूल स्वतः शोधून काढते. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, म्हणूनही सारनाथ शनिवारीच ठेवावे.

रविवारी सकाळी विश्वनाथाचे दर्शन आणि ते झाल्यावर भारतमाता मंदिर. शिवप्रसाद गुप्त यांनी उभारलेल्या या मंदिराचे उद्घाटन १९३६मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. इथे मूर्ती नाही. संगमरवरात कोरलेला अखंड भारताचा उंचसखल नकाशा आहे. हिमालय कुठे, गंगा कुठून येते, आपला सह्याद्री कुठे, हे शोधण्यात मुलांचा अर्धा तास मजेत जातो.

नावेत बसण्यापूर्वी

नावेत बसणाऱ्या प्रत्येकाने, विशेषतः मुलाने, जीवरक्षक जाकीट घातलेच पाहिजे. मोठ्या माणसाचे सैल जाकीट मुलाच्या डोक्यावरून निसटते, म्हणून लहान मापाचे आहे का, ते आधी विचारावे. नसेल तर दुसरी नाव पाहावी. भाडे, वेळ आणि कुठपर्यंत जायचे, हे बसण्यापूर्वीच ठरवावे. नावेत माणसे दाटीवाटीने भरली जात असतील, तर खुशाल उतरावे. मुलाला काठावर बसवू नये, पाण्यात हात घालू देऊ नये.

हिवाळ्यात नदीवर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे येतात. नावाडी त्यांना घालायला शेव विकतात. मुलांना ते फार आवडते, पण तळलेली शेव हे पक्ष्यांचे अन्न नाही. पाहण्यातली मजा पुरेशी आहे, हे मुलाला सांगितले तर कळते.

दर्शन पाळीपाळीने

डिसेंबर २०२१मध्ये विश्वनाथ धामाचा नवा परिसर खुला झाल्यापासून आत मोकळी जागा खूप झाली आहे. रांग मात्र लांबच असते. आत मोबाईल व पिशव्या नेता येत नाहीत, त्या बाहेर ठेवाव्या लागतात. वृद्ध माणसे बरोबर असतील, तर मंदिर न्यासाच्या संकेतस्थळावर सशुल्क ‘सुगम दर्शन’ आधी नोंदवता येते.

अशा वेळी बहुतेक घरांत काय होते? आई मुलाला घेऊन बाहेर बसते आणि बाकी सगळे दर्शन घेऊन येतात. तोवर मूल झोपलेले असते, उन्हं वर आलेली असतात, आणि ‘आता पुढच्या वेळी जा’ असे म्हणून सगळे निघतात. पुढची वेळ सहसा येत नाही. म्हणून पाळ्या आदल्या रात्रीच ठरवाव्यात. पहिल्या फेरीत आजीबरोबर आईने जावे, वडिलांनी मुलाला सांभाळावे. दुसऱ्या फेरीत वडिलांनी जावे. मुलाला रांगेत उभे करण्याचा हट्ट नको. आजीला नातवाने हात जोडलेले पाहायचे असतील, तर ते गंगेच्या काठीही होते.

आत गेलेल्यांजवळ फोन नसतो, हे विसरू नये. भेटण्याची जागा आणि वेळ आधीच नक्की करावी. तीही ‘दाराजवळ’ अशी मोघम नको, एखादे ठरावीक दुकान हवे. मुलाच्या खिशात नाव, हॉटेलचा पत्ता आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. चुकामूक झाली तर ११२ व मुलांसाठीची १०९८ ही हेल्पलाइन आहे.

‘ती शेकोटी कशाला पेटवलीय?’

काशीतला सर्वांत अवघड प्रसंग गर्दीचा नसतो, प्रश्नाचा असतो. मणिकर्णिका आणि हरिश्चंद्र या दोन घाटांवर रात्रंदिवस चिता जळतात. नाव दशाश्वमेधवरून परत फिरवली तर मणिकर्णिका टळते, पण अस्सीहून येताना हरिश्चंद्र घाट वाटेतच लागतो. नावाड्याला नाव मध्यधारेतून न्यायला सांगता येते. गल्लीत मात्र एखादी अंत्ययात्रा समोरून येतेच.

मुलाचे डोळे झाकून किंवा ‘गप्प बस’ म्हणून काही साधत नाही. त्याने भीती दुप्पट होते. ‘ते झोपले आहेत’ असेही सांगू नये. मग मूल रात्री झोपायलाच घाबरते. खरे ते थोडक्यात सांगावे. ‘एक माणूस मेला आहे. त्याचं शरीर आता चालत नाही, त्याला काही दुखत नाही. घरची माणसं त्याला निरोप देताहेत.’ एवढे चार-पाच वर्षांच्या मुलाला पुरते.

त्यानंतरचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो. ‘आजी, तू पण मरणार?’ आईवडील ओशाळतात, मुलाला दटावतात. पण काशीला आलेल्या आजीने याचा विचार कितीतरी आधी केलेला असतो. उत्तर तिलाच देऊ द्यावे. ‘हो रे, सगळेच कधीतरी जातात. पण आत्ता मी इथे आहे, आणि रात्री तुला गोष्ट सांगायची आहे ना?’ असे तिने जवळ घेऊन सांगितले, की मूल निश्चिंत होते. चितांची छायाचित्रे मात्र कोणीही काढू नयेत. तिथे कोणाचे तरी घर दुःखात असते.

खाणे आणि सावधगिरी

सकाळची गरमागरम कचोरी-भाजी आणि जिलेबी, कुल्हडमधली लस्सी, हिवाळ्यात मिळणारी फेसाळ मलइयो, हे सारे चाखण्यासारखे आहे. मुलासाठी कचोरीपेक्षा जिलेबी-दूध बरे, कारण भाजी तिखट असते. थंडाई घेताना विशेष काळजी हवी. काशीत भांग घातलेली थंडाई विकली जाते. ‘बिना भांग की’ असे स्पष्ट सांगूनच मागवावी आणि मुलाला देण्यापूर्वी स्वतः खात्री करावी. शंका असेल तर देऊच नये. पाणी बंद बाटलीचे प्यावे, चिरून ठेवलेली फळे टाळावीत. क्षारसंजीवनीची पाकिटे आणि तापाचे औषध घरूनच न्यावे.

दुर्गाकुंड व संकटमोचन परिसरात माकडे पुष्कळ आहेत. मुलाच्या हातात केळे किंवा बिस्किटाचा पुडा देऊ नये, आजीने चष्मा सांभाळावा. गल्लीत बैल समोरून आला, तर भिंतीच्या बाजूला थांबून त्याला आधी जाऊ द्यावे. काशीत वाटेचा पहिला मान त्याचाच.

परतताना साड्यांच्या दुकानात तीन तास घालवण्याआधी मुलासाठी इथली लाखेच्या रंगांची लाकडी खेळणी घ्यावीत. वाराणसीच्या या खेळण्यांना भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. साडी निवडायला दोघी गेल्या, तर तोवर खेळणे घेऊन मुलाला रमवण्याची पाळी वडिलांची.

यादीतली दोन-चार देवळे राहून जातील, राहू द्यावीत. आजीला गंगा मिळाली, आईला दर्शन मिळाले आणि मुलाला चौथा सिंह सापडला, तर दोन दिवसांत आणखी काय हवे!