पितळी बँड आणि नवी भक्तिगीते

कल्याणहून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली गाडी प्रथम थांबते ते शहाडला. कल्याण-उल्हासनगरच्या या दाट वस्तीत बँडचा आवाज कानी पडला, की ऐकणाऱ्याच्या मनात वरात उभी राहते. ख्रिस्ती उपासनेत मात्र याच पितळी वाद्यांना निराळे स्थान लाभलेले आहे. अशा ठिकाणच्या एखाद्या ख्रिस्ती मंडळीच्या बँडने जुन्या चालींवर न थांबता नव्या रचनांचे ध्वनिमुद्रण करावयाचे ठरविले, तर त्यास कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, हे पाहणे उद्बोधक आहे. कारण तो विचार केवळ एका बँडचा नसून दोन संगीतपद्धतींच्या मीलनाचा आहे.

या परंपरेचा उगम फार जुना नव्हे. १८७८ मध्ये इंग्लंडातील सॉल्झबरी येथे चार्ल्स फ्राय व त्याचे तीन मुलगे मुक्तिफौजेच्या रस्त्यावरील सभांत पितळी वाद्ये वाजवू लागले. उघड्यावरील गोंगाटात गाणाऱ्यांचा आवाज लोपून जाई, तेथे ही वाद्ये उपयोगी पडली. पुढे १८८३ मध्ये मुक्तिफौजेने स्वतंत्र संगीत विभागच स्थापन केला. दरम्यान १९ सप्टेंबर १८८२ रोजी फ्रेडरिक टकर व त्याचे तीन सहकारी मुंबईस उतरले. सनदी नोकरी सोडून आलेला टकर पुढे हिंदी वेष धारण करून फकीरसिंग या नावाने वावरू लागला. वाद्ये वाजवीत मिरवणूक काढल्यावरून मुंबईच्या पोलिसांशी या मंडळींचा खटका उडाला आणि त्यांना अटकही झाली. वाद्यांचा घोष हा शांततेस धोका की उपासनेचा हक्क, हा प्रश्न त्या काळी मोठ्या चर्चेचा झाला.

मराठी ख्रिस्ती गीतांचा प्रवाह मात्र वेगळ्या उगमातून आला. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी परकीय वृत्तांत बसविलेल्या भाषांतरित गीतांवर समाधान न मानता अभंग, भजन व कीर्तन यांच्या वळणाने रचना केली. या गीतांत एकच स्वररेषा रागाच्या अंगाने फिरते. उलट पितळी बँडची घडण निरनिराळ्या स्वरांच्या एकाच वेळी होणाऱ्या मेळावर उभी आहे. कॉर्नेट मुख्य चाल वाजवितात, हॉर्न व बॅरिटोन मधली भर घालतात, युफोनियम व ट्युबा खालचा आधार देतात. या दोहोंचा संसार सुखाचा व्हावा, यातच नव्या रचनाकाराची कसोटी आहे.

अडचण वाद्याच्या रचनेतच आहे. साध्या बिगुलातून मोजकेच नैसर्गिक स्वर निघतात. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात जर्मनीत कळांचा शोध लागला, तेव्हा ही मर्यादा सुटली. पहिली कळ दाबल्याने स्वर एका पूर्ण अंतराने उतरतो, दुसरीने अर्ध्याने, तिसरीने दीड अंतराने. परंतु प्रत्येक कळेची जादा नळी ही वाद्याच्या मूळ लांबीच्या हिशेबाने कापलेली असते. तीनही कळा एकदम दाबल्या, की एकूण लांबी थोडी अपुरी पडून स्वर चढा लागतो. १८७४ मध्ये डेव्हिड ब्लेकली याने हा दोष भरून काढणारी योजना केली. तथापि गळ्यातून सहज निघणारी मींड कळांच्या वाद्यांवर दुर्घट आहे. ती साधते ती सरकत्या नळीच्या ट्रोम्बोनवर. आकाशवाणीने १९४० पासून अनेक वर्षे हार्मोनियमला बंदी घातली होती, तिच्यामागेही याच जातीचा आक्षेप होता: ठरीव स्वरांच्या वाद्यास श्रुतींचे सूक्ष्म भेद पेलत नाहीत. म्हणून सुज्ञ रचनाकार मींडेचा भाग ट्रोम्बोनकडे किंवा गायकाकडे सोपवील आणि पल्लेदार, ठाम चाली कॉर्नेटला देईल.

ध्वनिमुद्रणाचेही काही नियम आहेत. १९२५ पूर्वी कर्ण्यासमोर वाजवून तबकड्या तयार होत. त्या काळी नाजूक तंतुवाद्ये फिकी पडत, पण पितळी वाद्यांचा भक्कम आवाज चांगला उमटे. कित्येकदा मोठ्या तंतुवाद्याच्या जागी ट्युबा बसविला जाई. नंतर विजेचा मायक्रोफोन आला व सूक्ष्म भेद पकडता येऊ लागले. कॉर्नेटची तोंडे समोर, तर युफोनियम व ट्युबा यांची वर असल्यामुळे मायक्रोफोन कोठे ठेवावा, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. शिवाय वाद्य तापले, की त्याचा सूर चढतो. उकाड्याच्या दिवसांत तासभर वाजविल्यावर बँड व हार्मोनियम यांचे जमेनासे होते. तेव्हा पुनःपुन्हा सूर जुळविणे अटळ आहे.

‘आल्बम’ हा शब्दही बोलका आहे. एका तबकडीच्या एका बाजूवर तीन-चार मिनिटांचेच गाणे मावे. अशा कित्येक तबकड्या पुस्तकासारख्या बांधणीत ठेवीत, म्हणून तो आल्बम. १९४८ मध्ये दीर्घकाळ वाजणारी तबकडी निघाली आणि एका बाजूवर वीसएक मिनिटांचे संगीत बसू लागले. आज साधनांची मर्यादा उरलेली नाही. उरलेली आहे ती जाणत्या माणसांची.

खरी चिंता येथेच आहे. बँडमास्तराने मनात वा एखाद्या वहीत जपलेली चाल त्याच्या मागे नाहीशी होण्याचे भय मोठे. ध्वनिमुद्रण तिला आवाज देते, परंतु प्रत्येक वाद्याचे स्वरलेखन झाले तरच ती दुसऱ्या बँडला वाजविता येते. म्हणून मुद्रणाच्या खर्चाबरोबर स्वरलिपीच्या कागदाचा खर्चही मंडळीने हिशेबात धरावा. नवे गीत एकदा ऐकले गेले, एवढ्याने ते टिकत नाही; पुढची पोरे कॉर्नेट हाती घेऊन ते वाजवू लागतील, तेव्हाच ते परंपरेत रुजेल.